कागद एकदाच फिरवायचा

मोठे सर बाहेरच्या बाकावर येऊन बसलेत, असं सिस्टरनं आत येऊन सांगितलं, तेव्हा डोळ्यांच्या बाईंच्या मनात पहिलं काय आलं असेल? 'बसू देत.' आणि दुसरं आलं, 'तिथंच मरू देत.' डॉक्टरांच्या मनात असलं काही येऊ नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय!

"कोण मोठे सर?" तरी त्यांनी विचारलंच.

"आता मला विचारताय? पंधरा वर्षं मी बघतेय, ज्यांच्या नावानं तुम्ही बोटं मोडता, तेच." सिस्टरनं दार लोटून घेतलं. "रिटायर होऊन इथं लेकीकडे राहायला आलेत. जावई घेऊन आलाय. डावा डोळा काचबिंदूनं कधीच गेलाय. उजव्यात काल संध्याकाळी विजा चमकल्या आणि आज सकाळपासून खालून काळं चढतंय म्हणे."

खालून काळं चढतंय. बाईंच्या हातातलं पेन थांबलं. हेच शब्द त्यांनी अठरा वर्षांपूर्वी सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकले होते. तो भाऊ, त्यांचा दादा, आत्ता याच खोलीत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून एका चिमट्याची स्प्रिंग बोटांनी चाचपत होता. त्याला दोन्ही डोळ्यांनी काही दिसत नाही.

"कोण आलंय, डॉक्टर?" त्यानं विचारलं.

डॉक्टर! सख्ख्या बहिणीला! लहानपणी ही गुटगुटीत होती म्हणून तो तिला ठमे म्हणायचा. शाळेत ठमे, चारचौघांत ठमे, मेडिकलला गेली तरी ठमेच. अठरा वर्षांपूर्वी ते बंद झालं. भांडण नाही, अबोला नाही. दोघं एका घरात राहतात, एका ताटलीतलं खातात. फक्त ठमे गेली आणि डॉक्टर आली.

"पेशंट आहे एक," बाई म्हणाल्या.

आता कागदाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डोक्याला दिवा बांधून आणि हातात भिंग धरून डोळ्याच्या आत बघितलं की सगळं उलटं दिसतं. वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. ज्यांच्याकडे आतला फोटो काढायचं यंत्र नसतं, ते म्हणून एक युक्ती करतात. पेशंटला आडवं झोपवायचं, त्याच्या छातीवर कागद वरची बाजू पायांकडे करून उलटा ठेवायचा, आणि जसं दिसेल तसं उतरवत जायचं. डोळ्याच्या आतला चिकटलेला पडदा लाल पेन्सिलीनं, सुटलेला निळ्या. जिथं फाटलंय ती जागा घड्याळाच्या आकड्यांनी सांगायची, वर बारा, खाली सहा. चित्र पुरं झालं की कागद एकदा फिरवायचा. झालं सरळ. मग खालच्या उजव्या कोपऱ्यात सही ठोकायची. सही खाली दिसली की कागद सरळ आहे, त्याला पुन्हा कुणी फिरवायचं नाही. एकदाच फिरवायचा. विसरलात तरी चुकलं, दोनदा फिरवलात तरी चुकलं.

दादा घड्याळजी होता. डावा डोळा लहानपणी चेंडू लागून गेलेला, उजव्याला भिंग लावून केसाएवढे स्क्रू फिरवायचा. त्याच उजव्याचा पडदा सुटला. बाई तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात सरांच्या हाताखाली शिकत होत्या. भावाचा डोळा म्हणून त्यांनी दोनदा तपासला. फाटलं होतं वर, अकरावर. चित्र काढलं, कागद फिरवला, सही केली. नातेवाईक म्हणून ऑपरेशनच्या वेळी त्यांना आत घेतलं नाही. आत काय झालं, ते त्यांनी मागाहून तुकड्यातुकड्यांनी गोळा केलं. डोक्यावरच्या दिव्याचा बल्ब नेमका त्या दिवशी गेला होता. दुसरा येईपर्यंत थांबायचं, तर बाहेर चाळीस जण रांगेत. सर म्हणाले, "चित्र आहे ना? मी चित्रावर करतो." आणि डोळ्यात न बघताच पाचावर बाहेरून थंडी देऊन, म्हणजे ती जागा गोठवून चिकटवून, टाके घालून मोकळे झाले. पाच म्हणजे अकराच्या बरोबर समोर. पडदा वर जसा लोंबत होता तसाच लोंबत राहिला आणि डोळा गेला.

चौकशी झाली. सरांनी काखा वर केल्या. कनिष्ठ डॉक्टरनं चित्र उलटं काढलं, असं लिहून दिलं आणि सगळं खापर बाईंच्या डोक्यावर फोडलं. मूळ चित्र मागितलं तर ते गहाळ. बाईंना पडद्याची ऑपरेशनं शिकायची जागा मिळाली नाही ती नाहीच. त्या या दोन खोल्यांत येऊन पडल्या. तेही एक वेळ चाललं असतं. पण दादानं काय करावं? त्यानं माफ केलं! "माणसाकडून चूक होते. जाऊ दे, डॉक्टर," म्हणाला. न केलेल्या चुकीची माफी! शिव्या घातल्या असत्या तर बाई उलट भांडल्या तरी असत्या. माफीशी कसं भांडायचं? भातात खडा लागावा तशी ती माफी अठरा वर्षं त्यांच्या दाताखाली येत होती.

आणि खरं सांगायचं तर त्यांची स्वतःचीही पूर्ण खात्री नव्हती. दहा वेळा आठवलं की दहाही वेळा कागद फिरवलेला आठवायचा. अकराव्या वेळी वाटायचं, खरंच फिरवला होता का आपण? त्या एका शंकेसाठी त्या सरांचा सगळ्यात जास्त राग करायच्या.

चौकशीच्या अहवालाची नक्कल त्यांनी खणात ठेवली होती. दादाला ती वाचून दाखवायची त्यांची कधी छाती झाली नव्हती. त्यांना एकच हवं होतं: ते वाक्य ज्यानं लिहिलं, त्यानंच ते दादासमोर वाचावं आणि त्यानंच ते खोडावं. एवढं झालं असतं तर त्यांनी बाकी सगळं सोडून दिलं असतं. असं त्या म्हणायच्या तरी.

"आत घ्या," त्या सिस्टरला म्हणाल्या.

सर जावयाचा दंड धरून आले. वाळले होते, पण ताठा तसाच. "हं, बोला," खुर्चीत बसता बसता ते म्हणाले, जणू पेशंट बाईच आहेत.

कोपऱ्यात दादाच्या हातातला चिमटा टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. घड्याळजीचा कान तो. अठरा वर्षांपूर्वीचं 'हं, बोला' त्यानं एका क्षणात ओळखलं. 

"आडवे व्हा, सर. हनुवटी वर."

"आवाज ओळखीचा वाटतोय."

"वाटणारच. उलटं चित्र काढणारी ती मीच."

 सर उठायला बघत होते, पण जावयानं धरून ठेवलं. जावई भला माणूस. त्याला या जुन्या कथेची गंधवार्ता नव्हती. "अहो, बघू द्या ना त्यांना! शहरातल्या हॉस्पिटलात फोन केला मी. त्यांचं ऑपरेशनचं मशीन दोन आठवडे बंद आहे. त्याच्या पुढचं हॉस्पिटल दीड दिवसाच्या वाटेवर. इथंच काय ते."

बाईंनी डोक्याला दिवा बांधला. त्याचा पट्टा चिकटपट्टीनं सांधलेला होता. भिंग एकच, ते दादाच्या जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवलेलं असायचं. त्या टेबलाच्या डोक्याशी उभ्या राहिल्या, सरांच्या छातीवर कागद उलटा ठेवला आणि आत वाकून बघितलं.

देवा रे! तेच. उजवा डोळा, अकरावर घोड्याच्या नालासारखं फाटलेलं, आणि वरचा पडदा सुटून फुग्यासारखा खाली झुकलेला. नजरेचा मधला भाग तेवढा अजून चिकटून होता. आज आहे, उद्या नसेल. तो सुटला की माणूस चेहरे ओळखत नाही, वाचत नाही. वाचत नाही!  हा डोळा गेला तर हा माणूस सुटला. आंधळ्याला कोण कागद वाचायला लावणार? उलट सगळे हळहळतील. छे, छे. हा डोळा टिकायलाच हवा.

त्यांनी पेन्सिली चालवल्या. निळं, लाल, अकरावर फाटलेली जागा. कागद फिरवला. एकदाच. खाली उजव्या कोपऱ्यात सही केली.

"मध्यभाग शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "आज केलं तर वाचेल. बाहेरून थंडी देऊन जागा चिकटवायची, आत हवेचा बुडबुडा सोडायचा. बुडबुडा आतून पडद्याला दाबून धरेल."

"लेझर नाही?"

"नाही."

"कॅमेरा?"

"लाल-निळ्या पेन्सिली आहेत."

सर नाक उडवून हसले. भीतीनं पाचावर धारण बसली होती, तरी हसले. "दाखव चित्र आधी. माझ्या डोळ्यात सुई घालायची, तर कुठं ते मी ठरवणार." ते उठून बसले आणि हात पुढे केला.

बाईंनी कागद त्यांच्या हातात सरळ दिला. सरांनी तो घेतला आणि घेता घेताच, मनगटाच्या एका झटक्यात, अर्धी गिरकी देऊन फिरवला. विचारही केला नाही. चाळीस वर्षं शिकाऊ पोरं त्यांच्याकडे न फिरवलेले कागद घेऊन यायची आणि सर चिडून फिरवायचे, ती सवय हातात मुरलेली. मग कागद डोळ्याजवळ धरून त्यांनी बघितलं.

"हे तर पाचावर आहे. खाली!" ते ओरडले. "खालच्या भोकाला बुडबुडा काय करणार? बुडबुडा वर तरंगतो, एवढंही माहीत नाही? थंडी पाचावर दे आणि टाका घाल."

बाईंनी बघितलं. त्यांची सही कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात खाली डोकं वर पाय उभी होती.

तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणतात ते असं. अठरा वर्षं! अठरा वर्षं त्या स्वतःचे हात संशयानं बघत होत्या, आणि चूक ह्या मनगटात बसली होती. त्यांना तो कागद हिसकावून घेऊन त्या माणसाच्या तोंडात कोंबावासा वाटला. तसं न करता त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "पाचावर नक्की ना, सर?"

"मला शिकवतेस?"

"नाही हो. मी कोण शिकवणार! केसपेपरवर लिहून द्या म्हणजे झालं. आमच्याकडे तुमच्यासारखे मोठे येत नाहीत."

सरांनी लिहिलं. मोठ्या अक्षरात, झोकात. बाईंनी ते मोठ्यानं वाचलं, कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत पोचेल असं: "उजवा डोळा. फाटलेली जागा पाचावर. उपचार पाचावर करावा." मग केसपेपर सिस्टरकडे देऊन त्यांनी विचारलं, "सर, काळं कुठून चढतंय?"

"खालून! कितीदा सांगायचं, खालून!"

"मग फाटलंय कुठं?"

पहिल्या वर्षाचं पोरही हे सांगेल. डोळ्याच्या आत सगळं उलटं पडतं, म्हणून वरचा पडदा सुटला की माणसाला अंधार खालून चढताना दिसतो.  सरांनी कागदाकडे बघितलं. हळूच फिरवला. सही खाली आली, जागा अकरावर गेली. आणि त्यांच्या तोंडून आवाज निघाला, "च्च."

कोपऱ्यात खुर्ची सरकली. दादा उभा राहिला होता.

"माझंही खालूनच चढत होतं," तो म्हणाला.



"आणि हा 'च्च' मी ऐकलाय, सर. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी. तुम्ही स्वतः पट्टी सोडलीत, आत दिवा मारलात आणि असंच 'च्च' केलंत. मग पट्टी परत बांधून म्हणालात, वाट बघू."

"माझा चष्मा घरी राहिलाय," सर म्हणाले. "आणि हिनं कागदच उलटा दिला."

"नाही हो!" जावई म्हणाला. "त्यांनी सरळच दिला. तुम्हीच फिरवलात की! मी बघितलं ना." भला माणूस तो, मदत करायला गेला आणि सासऱ्याला पुरता नागडा केला. सिस्टरनं तोंडावर पदर धरला.

टेबल मांडायला म्हणून दोघी आतल्या खोलीत गेल्या तेव्हा सिस्टर बाईंच्या कानाशी लागली. "बाई, आत्ता लिहून घ्या. सुई दाखवा आणि जुनं सगळं लिहून घ्या. नाही लिहिलं तर म्हणावं, जा दीड दिवसाच्या वाटेनं."

बाईंना मोह झाला नाही असं कोण म्हणेल? चांगला झाला. पण त्या अठरा वर्षं ह्याच माणसाचा विचार करून पक्क्या झाल्या होत्या. "सुईखाली लिहिलेलं उद्या नाकारेल. म्हणेल, बाईनं गळा धरून लिहून घेतलं. मला त्याचा बरा झालेला डोळा हवाय."

तयारी झाली. बधिर करायचे थेंब घातले, डोळ्याशेजारी इंजेक्शन दिलं. बाईंनी डोक्याला दिवा बांधून बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. नाहीच.

"गेला," सिस्टर म्हणाली.

सरांनी टेबलाची कड घट्ट धरली. "चित्रावर कर! आता कळलंय ना, अकरा! चित्रावर कर!"

"मी चित्रावर करत नाही. मी बघून करते." बाईंनी दिवा काढून दादाच्या हातात ठेवला.

दादानं तो घेतला आणि नुसताच धरून उभा राहिला. आता बघा, त्याच्या हातात काय आलं होतं ते.  मग त्यानं विचारलं, "डॉक्टर, हा डोळा तुला हवाय?"

"हवाय."

"कशाला?"

"वाचायला."

दादाला काय कळायचं ते कळलं. तो टेबलाशी बसला. वायरवरून बोट फिरवत गेला, बिजागरीपाशी थांबला, नखानं वेष्टण सोललं. आत तार तुटली होती. ती पिळून, गुंडाळून त्यानं बटण दाबलं. "लागला का?" त्यानं विचारलं, कारण त्याला ते कळायचा दुसरा मार्ग नव्हता. दिवा लख्ख लागला होता.

बाईंनी थंडीची कांडी डोळ्याच्या बाहेरून अकरावर टेकवली आणि भिंगातून आत बघत पायाखालची कळ दाबली. फाटलेल्या जागेभोवती पांढरं धुकं उठलं, की सोडायचं. पुन्हा शेजारी. चार वेळा. थंडीच्या सिलिंडरमध्ये पाचव्या वेळेपुरता गॅस नव्हताच. मग बारीक सुईनं डोळ्यातलं थोडं पाणी काढून जागा केली, आणि दुसऱ्या सुईनं गाळलेली स्वच्छ हवा आत सोडली.

"दिसत नाही!" सर किंचाळले. "काही दिसत नाही! सगळं काळं झालं!"

हवा आत गेली की दाब वाढतो आणि मिनिटभर सगळं काळं होऊ शकतं. मिनिटभरात उजेड परत येतो, न आला तर आणखी पाणी काढायचं. आतली रक्ताची शीर ठोके देत होती, भिंगातून बाईंना ती स्पष्ट दिसत होती. काळजीचं काही नव्हतं. 'येईल हं आत्ता परत' एवढे चार शब्द बोलायचे होते. त्या ते बोलल्या नाहीत. होय, नाही बोलल्या. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा त्यांनी पूर्ण फिरू दिला.

"काही दिसत नाही हो!" सर रडत होते.

"त्याच्यापुढं काय करायचं ते मला विचारा," दादा त्यांच्या उशाशी उभा राहून म्हणाला. "सवयीचं आहे मला. आधी भिंत शोधायची."

मग उजेड आला. सरांनी हुंदका दिला आणि बाईंनी पट्टी बांधली.

पाच दिवस मान डाव्या खांद्याकडे कलती ठेवायची होती, म्हणजे बुडबुडा बरोबर अकराखाली बसणार. बसताना, जेवताना, झोपताना, तशीच. दवाखान्यात एकच खाट होती. राखण करायला जावई तयार होता, लेकही तयार होती. दादा म्हणाला, "मी बसतो." तो खाटेशेजारी स्टुलावर बसला आणि सरांच्या डाव्या गालाला उलटी बोटं लावून ठेवली. मान सरळ झाली की गाल सुटायचा, आणि दादा म्हणायचा, "सर, अकरा." बस्स, दुसरं काही नाही. दिवसातून पन्नास वेळा. जेवताना घास तोंडाशी नेला की "सर, अकरा." जावई भेटायला आला की त्याच्यादेखत "सर, अकरा." तिसऱ्या दिवशी सर कळवळून म्हणाले, "अरे, दुसरं काहीतरी बोल!" दादा म्हणाला, "दुसरं तुम्ही बोलायचंय. मी वाट बघतोय." सरांनी तोंड फिरवलं. दादा म्हणाला, "अकरा."

नवव्या दिवशी बुडबुडा विरला होता. पडदा सपाट, फाटलेल्या जागेभोवती काळसर कडं धरलेलं, म्हणजे जागा घट्ट चिकटली होती. बाईंनी अशी सफाई आयुष्यात केली नव्हती आणि पुन्हा त्यांच्या हातून होईल की नाही, देव जाणे. त्यांनी सरांना खुर्चीत बसवलं, चष्मा दिला, आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. सरांनी वरून सुरुवात केली आणि धडाधड खाली आले. शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत एकही अक्षर चुकलं नाही. लेकीनं आनंदानं टाळी वाजवली. बाईंनी ते रजिस्टरात लिहिलं, तारीख घातली, खाली जावयाची साक्षीची सही घेतली.

"आता दिसत नाही म्हणायची सोय राहिली नाही," त्या म्हणाल्या. खण उघडून त्यांनी अहवालाची नक्कल काढली आणि सरांपुढं ठेवली. "वाचा. मोठ्यानं."

सरांनी कागद ओळखला. लेकीकडे बघितलं. "हिला बाहेर पाठव."

"ती बसेल. हे खोटं माझ्या भावाला सांगितलं तेव्हा त्याला कुणी बाहेर पाठवलं नव्हतं."

सरांनी वाचलं. आवाज आतल्या आत जात होता, बाई दोनदा "मोठ्यानं" म्हणाल्या. "कनिष्ठ डॉक्टरने चित्र उलटे काढल्यामुळे उपचाराची जागा चुकली. शस्त्रक्रियेत कोणताही दोष नव्हता." लेक काहीच न समजून बापाकडे बघत राहिली. जावई जमिनीकडे बघत होता. त्याला कळलं होतं.

"बरं," सर म्हणाले. "कागद कदाचित माझ्याकडून फिरवला गेला असेल. मान्य. आता मिटवा."

एवढंच बाईंना हवं होतं, नाही का? अठरा वर्षं एवढंच. पण दादा पुढं आला. "आणि तिसऱ्या दिवशी काय दिसलं, सर?"

सर कागदाची घडी घालायला लागले.

"तुम्ही 'च्च' का केलंत?"

 सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "भोक दिसलं," ते अखेर म्हणाले. "वर. अकरावर. उघडं."

"तेव्हा परत केलं असतं तर?"

"चिकटला असता कदाचित."

"कदाचित?"

"चिकटला असता," सर म्हणाले. "पण परत करायचं, तर पहिल्यांदा कुठं केलं ते लिहावं लागलं असतं. चित्र मी फाडलं."

 बाईंना वाटत आलं होतं की चूक झाली आणि मग ती लपवली. डोळा गेल्यावर लपवली. डोळा अजून वाचण्यासारखा होता, दादा पट्टी बांधून त्या खाटेवर पडला होता, आणि हा माणूस त्याच्या उशाशी उभा राहून आपलं नाव कसं वाचेल याचा विचार करत होता! नऊ दिवसांपूर्वी ह्यांच्या डोळ्यात आपली सुई होती, हे त्यांना आठवलं. आपण एवढी सफाई का केली, असंही वाटून गेलं. त्यांनी पेन काढून सरांच्या पुढ्यात आपटलं. "हेच लिहा. आत्ता बोललात तसंच. एक प्रत ह्या दवाखान्याच्या भिंतीवर लागेल आणि एक जिथं तुमचा अहवाल पडलाय तिथं जाईल. डोळा दिलाय मी तुम्हाला. जिथं जिथं लागेल तिथं वाचत राहा."

लेक रडत होती. सर लिहीत होते. कुणी त्यांचा हात धरला नाही, कुणी त्यांना घाई केली नाही. पाऊण पान झालं. शेवटी सही करून त्यांनी पेन ठेवलं आणि जावयाचा दंड शोधला, दिसत असूनही.

"सिस्टर, पुढचा पेशंट," बाई म्हणाल्या. दारातून ते तिघं गेले तरी त्यांनी वर बघितलं नाही.

दादा तो कागद हातात घेऊन उभा होता. त्याच्या लेखी तो कोराच. त्यानं चारही कोपरे अंगठ्यानं चाचपले, एकदा इकडून, एकदा तिकडून, मग बहिणीपुढं धरला. 

"बघ गं, ठमे," तो म्हणाला. "सही खाली आहे ना?"